फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या आहेत? कोकणात राहणाऱ्या नव्या पेशंटसाठी

आषाढातली सकाळ होती. मी विहिरीवर कळशी भरत होते, एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा जावेने मला कठड्यापासून ओढून पडवीत निजवलं होतं आणि सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. लग्नाला आठ महिने झाले होते. मला फिट येतात हे त्या घरात तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. गोळी मी एकदाही चुकवली नव्हती, मग फिट आली कशी? पंधरा दिवसांनी कोल्हापूरच्या न्यूरो डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कुठे ठेवता?" मी पाकिटातून काढलेल्या गोळ्या एका स्टीलच्या डबीत घालून ती डबी तांदळाच्या पिंपात लपवत होते. पावसाने सगळं घर ओलं होतं. डॉक्टरांनी डबीतली एक गोळी नखाने दाबून बघितली. ती खड्यासारखी कडक झाली होती.

त्याला आता चौदा वर्षं झाली. या काळात तीन वेगवेगळी औषधं, एक बाळंतपण, दोन मोठी वादळं आणि असंख्य सल्ले यांतून मी गेले. फिट, आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार, गावोगाव नावं वेगळी असली तरी आजार एकच. साधारण १०० पैकी ७० जणांच्या फिट नेमक्या औषधाने आटोक्यात येऊ शकतात. पण त्यासाठी ते औषध रक्तात रोज, सारख्या पातळीवर असावं लागतं. ती पातळी कशाने ढळते हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर विहिरीवरचा प्रसंग टळला असता. म्हणून नव्याने गोळ्या सुरू झालेल्यांसाठी हे लिहिते आहे. डोस ठरवायचं काम डॉक्टरांचंच आहे. त्यानंतरची वर्षं तुम्हाला घरी काढायची आहेत, त्याबद्दल मी बोलते आहे.

१. दवाखान्यातून निघण्याआधी पाच गोष्टी लिहून घ्या

पहिल्या भेटीत माणूस घाबरलेला असतो, निम्मं ऐकू येत नाही. म्हणून सोबत कुणीतरी न्या आणि हे कागदावर घ्या:

- औषधाचं मूळ नाव, म्हणजे आतलं औषध. कंपनीचं नाव वेगळं लिहा.
- किती मिलिग्रॅम, किती वेळा, आणि गोळी साधी की हळूहळू विरघळणारी. पाकिटावर नावापुढे सीआर, ईआर, एक्सआर किंवा क्रोनो असं काही असेल तर तेही उतरवून घ्या.
- डोस वाढवत न्यायचा असेल तर कुठल्या तारखेपासून किती.
- एखादी वेळ चुकली किंवा गोळी उलटून पडली तर काय करायचं.
- कुठली रक्त तपासणी, आणि कधी.

चौथा मुद्दा विचारायला बहुतेक जण विसरतात आणि नेमकी तीच वेळ रात्री अकराला येते.

२. एक वही, एक पिशवी

पिशवी प्लॅस्टिकची, चेनवाली. आमच्याकडे पावसात कागदाला बुरशी धरते म्हणून. तिच्यात डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने, ईईजीचा (मेंदूतल्या लहरींच्या आलेखाचा) कागद, एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी, दवाखान्यात राहिला असाल तर डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. शिवाय सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं एक रिकामं पाकीट. डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडतं ते हेच पाकीट.

वहीत तीनच गोष्टी लिहायच्या. फिट आली तर तारीख, वेळ, किती मिनिटं, कशी, आणि आदल्या दिवशी काय वेगळं घडलं होतं. औषधात काही बदल झाला तर त्याची तारीख. नवीन त्रास काही जाणवला तर तो. कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी, मुंबई असा प्रवास करून आपण डॉक्टरांपुढे दहा मिनिटं बसतो. त्या दहा मिनिटांत "मधे एकदोनदा आली होती" असं सांगून भागत नाही. फिट चालू असताना घरच्या कुणी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला तर तोही दाखवा. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

३. वेळ बांधून घ्या

दिवसातून दोनदा गोळी असेल तर दोन वेळांत बारा तासांचं अंतर धरा. मी सकाळी सात आणि रात्री सात अशी वेळ ठेवली आहे. मोबाईलचा गजर लावा, त्याला रेंज लागत नाही. आमच्याकडे दिवेलागणीला घंटा वाजली की सासूबाई विचारतात, "गो, गोळी घेतलंस मां?" या आठवणीइतका पक्का गजर मला अजून मिळालेला नाही.

वेळ चुकलीच तर? दिवसातून दोनदा घ्यायची गोळी साधारण पाच-सहा तासांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची आणि पुढची नेहमीप्रमाणे घ्यायची. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. हा सर्वसाधारण नियम झाला. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं. लागोपाठ दोन वेळा चुकल्या तर त्यांना फोन करा.

प्रवासात गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवा. कोकण रेल्वेच्या डब्यात सीटखाली ढकललेल्या बॅगेत नकोत.

४. पावसाळ्यात गोळी कोरडी ठेवा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात ते येत नाही आणि आपल्याला ओल अंगवळणी पडलेली असते. जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. त्याच हवेत गोळीही असते.

मला तेव्हा कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालू होतं. त्याची गोळी ओल धरली की कडक होते. मग ती पोटात नीट विरघळत नाही आणि अंगात जाणारं औषध एक तृतीयांशापर्यंत घटू शकतं. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. मी पूर्ण गोळी गिळत होते आणि शरीराला ती अपुरी मिळत होती. वॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधाची गोळीही ओल पटकन ओढते, ती तर चिकटच होते.

तेव्हा गोळी घ्यायच्या क्षणापर्यंत पाकिटातच राहू द्या. सात खणांचा डबा वापरत असाल तर गोळ्या सोलून त्यात टाकू नका. पाकीट कात्रीने कापा आणि चकतीसकट एकेक गोळी खणात ठेवा. बाटलीतून येणाऱ्या गोळ्या त्याच बाटलीत राहू द्या, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, झाकण घट्ट लावा. जागा म्हणाल तर झोपायच्या खोलीतलं कपाट बरं. चुलीवरची फळी, न्हाणीघर, खिडकी, देवघरातला समईजवळचा कोनाडा, या जागा टाळा. फ्रिज नको. आत-बाहेर करताना गोळीवर दव धरतं, आणि डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय या गोळ्यांना थंडावा लागत नाही. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतही ठेवू नका.

गोळीचा रंग बदलला, ती फुगली, भुगा झाला, कडक किंवा चिकट झाली तर ती टाकून द्या. पैसे वाया जातात याचं मलाही वाईट वाटतं. पण एका फिटचा खर्च त्याहून मोठा असतो.

पावसाळ्याची दुसरी अडचण म्हणजे रस्ता. घाट बंद पडतो, दरड येते, मेडिकलचा माल चार-चार दिवस येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज आणि रस्ता दोन्ही गेलं होतं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, मेडिकलच्या दुकानांसकट. तेव्हापासून जून लागण्याआधी माझ्याकडे महिन्याचा जास्तीचा साठा असतो. डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी मागून घ्या, सकारण मागितली तर देतात. नवीन पाकीट मागे आणि जुनं पुढे ठेवा, म्हणजे मुदत उलटत नाही.

५. मेडिकलमध्ये पाकीट हातात घेऊन वाचा

"ही कंपनी नाही, दुसरी देतो, सेमच आहे." हे वाक्य तुम्ही ऐकणारच. आतलं औषध एकच असतं हे खरं. तरी दोन कंपन्यांच्या गोळ्यांतून रक्तात उतरणारं प्रमाण थोडं वेगळं असू शकतं. तापाच्या गोळीत त्याने काही बिघडत नाही. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारख्या औषधात मात्र तेवढाही फरक जाणवू शकतो. म्हणून ज्या कंपनीच्या गोळीवर फिट थांबल्या आहेत तीच चालू ठेवा.

याचा अर्थ स्वस्त गोळी वाईट असा नव्हे. जन औषधी केंद्रातली गोळी परवडत असेल तर डॉक्टरांना सांगून तिच्यावरच स्थिर व्हा. दर महिन्याला मिळेल ती घेणं हे धोक्याचं. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, वॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम आणि क्लोबाझाम ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती सरकारी रुग्णालयात मागा. आधी चौकशी करून जा आणि घरातल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा.

दुकानातून निघण्याआधी चार गोष्टी चिठ्ठीशी ताडून बघा: नाव, मिलिग्रॅम, साधी की हळू विरघळणारी, मुदत. एकदा मला सीआरच्या जागी तेवढ्याच मिलिग्रॅमची साधी गोळी मिळाली होती. दोन दिवस दुपारपर्यंत डोकं गरगरत होतं, मग पाकीट बघितलं. नावंही फसवी असतात. लेव्हेटिरासिटॅम फिटचं, लेव्होफ्लॉक्सासिन जंतुसंसर्गाचं, आणि हे दुसरं तर फिट येण्याची शक्यता वाढवतं. लॅमोट्रिजिन फिटचं, लॅमिव्हुडिन विषाणूवरचं. गर्दीच्या वेळी, घाईच्या अक्षरात, चूक कुणाकडूनही होते. आपण वाचलं की ती पकडता येते.

हळू विरघळणारी गोळी कुटू नका, चावू नका. गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगा, बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं.

६. दुसरं काहीही पोटात जाण्याआधी "मला फिटची गोळी चालू आहे" म्हणा

आपल्या गावातला डॉक्टर बदलतो, आरोग्य केंद्रात नवीन माणूस येतो, दाढ दुखली म्हणून आपण तालुक्याला जातो. प्रत्येक ठिकाणी हे वाक्य पहिलं. काही जोड्या मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत.

लेप्टोची गोळी. लेप्टो म्हणजे चिखल-पाण्यातून लागणारा ताप. तो होऊ नये म्हणून लावणीच्या दिवसांत शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिन देतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यांच्यामुळे शरीर डॉक्सीसायक्लिन लवकर बाहेर टाकतं, म्हणजे तिचा असर लवकर ओसरतो. गोळी नाकारू नका. देणाऱ्याला सांगा, डॉक्टरांना विचारा, आणि पायाला जखम असताना चिखलात उतरू नका. याच औषधांवर असताना लेप्टोसारखा ताप आला तर तो अंगावर काढू नका.

दुखण्यावरच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक. ट्रामाडॉल असलेली वेदनाशामकं, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन यांनी फिट येण्याची शक्यता वाढते. जुलाब लागले की ऑफ्लॉक्सासिनची गोळी दुकानातून सहज आणली जाते, तिथे सांभाळा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिनची पातळी चढवतात: चक्कर, एकाचे दोन दिसणं, ओकारी. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन फिटच्या बऱ्याच औषधांची पातळी पाडतं तर आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची पातळी चढवतं. टीबीचा कोर्स सुरू होणार असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवणं आवश्यकच. वॅल्प्रोएट घेणाऱ्याला मोठ्या दवाखान्यात मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लावायची वेळ आली तर घरच्यांनी तिथे बोलावं, त्याने रक्तातली वॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने उतरते. साध्या तापाला पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, ते एकदा विचारून ठेवा म्हणजे दरवेळी घाबरायला नको.

झाडपाला आणि काढे. यावर मी कुणाच्या श्रद्धेला बोट लावत नाही, आमच्या घरातही काढा होतो. पण शंखपुष्पीच्या सिरपमुळे फेनिटॉइनची रक्तातली पातळी घटते हे भारतीय संशोधकांनीच १९९२ मध्ये दाखवलं आहे. बुद्धीला चांगलं म्हणून तेच सिरप फिटच्या पेशंटला आवर्जून आणून देतात. "आयुर्वेदिक, फिट कायमची जाते" म्हणून पोस्टाने येणाऱ्या पुड्यांपासून तर लांबच राहा. अशा काही पुड्यांत गुपचूप मिसळलेलं फेनोबार्बिटोन सापडलेलं आहे. माणसाला बरं वाटतं, तो आपली खरी गोळी सोडतो, आणि पुड्या संपल्या की फिटवर फिट.

सर्दीला निलगिरीचं तेल घालून वाफ घ्यायची, छातीला कापराचा बाम चोळायचा, ही सवय सोडा. निलगिरी आणि कापूर या दोन्हींनी फिट उठू शकते. नुसत्या गरम पाण्याची वाफ घ्या. आरतीचा कापूर लांबून चालतो, तो पोटात जाऊ देऊ नका.

आणि पपनस. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला, बांधलेलं तोरंजन (पपनसच ते) विसर्जनानंतर सोलून वाटलं जातं. त्याच्याच कुळातल्या ग्रेपफ्रूटमुळे कार्बामाझेपिनची पातळी वाढते. पपनसातही त्याच जातीची द्रव्यं आहेत. कार्बामाझेपिन चालू असेपर्यंत मी प्रसादाची एक फोड कपाळाला लावून घरातल्या पोरांना देत असे. साधी संत्री, मोसंबी, कोकम यांना हा नियम नाही.

७. औषध अंगाला काय करतंय ते बघत राहा

कागदावर छापलेली दुष्परिणामांची लांबलचक यादी वाचून घाबरून गोळी सोडणारे मी बघितले आहेत. त्यापेक्षा आपल्या औषधाच्या दोन-तीन ठरलेल्या गोष्टी माहीत असाव्यात.

फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, माझ्याही सुजल्या होत्या. दोन वेळा मऊ ब्रश आणि दर सहा महिन्यांनी दाताचा डॉक्टर. या औषधाचा आणखी एक स्वभाव आहे. एका मर्यादेनंतर डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी खूप उडी घेते. आमच्या वाडीतल्या एका काकांनी फिट आली म्हणून आपल्याच मनाने तीनच्या चार गोळ्या केल्या. दोन आठवड्यांत ते झोकांड्या खात चालू लागले, जीभ अडखळू लागली. लोक म्हणाले, सकाळपासून प्यायला लागला. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. रक्ताची पातळी तपासली तेव्हा उलगडा झाला. ती साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते. ही तपासणी सकाळची गोळी घेण्याआधी करायची असते, हे प्रयोगशाळेत जाण्याआधी लक्षात ठेवा.

कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं: गळून जाणं, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं. माझं सोडियम दुसऱ्यांदा उतरलं तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं. वॅल्प्रोएटने वजन वाढतं, हात कापतात, केस गळतात. क्वचित यकृताला किंवा स्वादुपिंडाला इजा होते. लेव्हेटिरासिटॅमने चिडचिड आणि उदासी येऊ शकते. ती स्वतःला कळत नाही, घरच्यांना कळते, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा. किडनीचा त्रास असणाऱ्यांना त्याचा डोस कमी लागतो. टोपिरामेटवर पाणी भरपूर प्या, मूतखड्याचा त्रास होतो, शिवाय घाम कमी येतो आणि आपल्या उन्हाळ्यात ते जाणवतं. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझामने झापड येते, आणि ती एकाएकी बंद करणं फार धोक्याचं. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि वॅल्प्रोएट वर्षानुवर्षं घेतली की हाडं ठिसूळ होऊ शकतात. ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

दवाखान्यात त्याच दिवशी जायचं ते असं दिसलं तर: अंगावर पुरळ (पहिल्या दोन महिन्यांत तर नक्कीच, त्यात ताप किंवा तोंडात फोड असतील तर एक तासही थांबू नका), डोळे पिवळे, पोटात असह्य दुखून उलट्या, कारण नसताना काळेनिळे डाग, न उतरणारी गुंगी, जीव नकोसा होण्याचे विचार. लॅमोट्रिजिनचा डोस आठवड्या-आठवड्याने वाढवतात तो या पुरळापायीच. लवकर बरं वाटावं म्हणून पायरी चुकवू नका. मधे काही दिवस गोळी सुटली तर पूर्ण डोसने स्वतःहून परत सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.

८. बायकांसाठी

माहेरी मला सांगितलं होतं, "सासरी कळता नये." म्हणून मी गोळ्या पाकिटातून काढायचे, पाकीट परसात पुरायचे आणि डबी पिंपात लपवायचे. ज्या मुली आज हे करत असतील त्यांना एक माहिती असू द्या. फिट येतात या कारणावरून लग्नाला अडथळा आणणारी अट हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून १९९९ मध्ये काढून टाकली आहे. ठरवण्याच्या बोलण्यातच सांगा. मोडायचं ते आधी मोडू दे. माझ्या सासूबाई विहिरीच्या प्रसंगानंतर मला एवढंच म्हणाल्या, "आदी सांगलं असतंस तर मीच आठवण केली असती."

गर्भनिरोधक गोळी घेत असाल, अगदी आरोग्य केंद्रातली माला-एन जरी असली, तर ऐका: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यांच्यामुळे तिचा भरवसा राहत नाही. उलट अशा गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी उतरते. कॉपर-टीला हा प्रश्न येत नाही.

मूल हवं असेल तर दिवस जाण्याच्या काही महिने आधी न्यूरो डॉक्टरांना भेटा. वॅल्प्रोएट चालू असेल तर हे टाळूच नका. गरोदरपणी ते घेतलेल्या आयांच्या १०० बाळांत सुमारे १० बाळांना जन्मजात व्यंग असतं आणि ३० ते ४० मुलांच्या बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. त्यासाठी औषध आधीच बदलता येतं. फॉलिक ॲसिडही आधीपासून सुरू करतात. पण चुकून दिवस राहिले आहेत म्हणून घाबरून गोळी एका दिवसात बंद करू नका. मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक असते. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मला लॅमोट्रिजिन चालू होतं, त्याची पातळी गरोदरपणात उतरते. माझा डोस दोनदा वाढवला आणि बाळंतपणानंतर परत खाली आणला. बाळाला मी दूध पाजलं, डॉक्टरांना विचारूनच.

९. जागरण, उपास, दारू

झोप मोडली की फिट येते, हे बहुतेकांच्या वहीत लिहिलेलं सापडेल. दशावतार रात्रभर चालतो, शिमग्यात पालखी पहाटेपर्यंत नाचते, गणपतीत भजनं. मी अकरापर्यंत बसते आणि उठते. सुरुवातीला लोक टोकायचे, आता टोकत नाहीत. उपास करायचा असेल तर गोळी आणि पाणी त्यात मोडत नाही असं मनाशी ठरवा. रोजा ठेवणाऱ्यांनी सहेरी-इफ्तारच्या वेळांत गोळी बसते का हे रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. दारू नको.

होडीवर एकट्याने जाणं, माडावर चढणं, एकट्याने पोहणं, कठडा नसलेल्या विहिरीवर वाकणं, हे फिट पूर्ण आटोक्यात येईपर्यंत थांबवा. आंघोळीला दाराची कडी लावू नका. गाडीच्या लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिटबद्दल थेट प्रश्न आहे, तिथे खोटं लिहू नका.

१०. घरच्यांना शिकवून ठेवा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड हा कागद चिकटवलेला आहे:

- घड्याळ बघा.
- आजूबाजूचं टोकदार सामान, चूल, कोयता, विळी लांब करा.
- कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याजवळचं सैल करा.
- तोंडात काहीही घालू नका, चमचा नाही, पाणी नाही, गोळी नाही.
- हातपाय दाबून धरू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका, हातात लोखंड देऊ नका.
- पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर न येताच दुसरी आली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला किंवा बाई गरोदर असेल तर १०८ ला फोन.

आमचं घर दवाखान्यापासून लांब आहे म्हणून डॉक्टरांनी चालू फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला आहे. तो कधी, किती मारायचा हे त्यांनी माझ्या नवऱ्याकडून करून घेतलं. तुम्हीही डॉक्टरांना याबद्दल विचारा, आणि स्प्रेची मुदत दर पावसाळ्याआधी तपासा.

११. "आता बंद करू का?"

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, वर्षभर फिट आली नाही की तो तोंडावर येतो. फिट आली नाही ती गोळीमुळे, हे तेव्हा विसरायला होतं. एकाएकी बंद केल्याने फिट लागोपाठ येत राहून जिवावर बेतू शकतं. निदान दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर विचार करतात, तोही ईईजी, एमआरआय आणि फिटचा प्रकार बघून. काहींची गोळी महिनोन्महिने हळूहळू कमी करत बंद होते. काहींना ती आयुष्यभर लागते. कमी करण्याच्या काळात आणि नंतर काही महिने फिट परत येऊ शकते, तेव्हा पुन्हा विहीर, होडी, गाडी जपावी लागते.

माझी शेवटची फिट सहा वर्षांपूर्वीची. गेल्या दिवाळीत मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझी वही मागून घेतली, पानं उलटली, ईईजी पुन्हा काढायला लावला आणि सांगितलं, अजून नको. मला वाईट वाटलं, घरी येताना गगनबावड्यापर्यंत मी गप्प होते. मग सातचा गजर वाजला, नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली.